नंबर लावला का?

लहान मुलांच्या कोणत्याही चालत्या दवाखान्यात पाय ठेवा, पहिला प्रश्न ठरलेला असतो. "नंबर लावला का?" दुसरा प्रश्न, "जुना पेशंट का नवा?" तिसरा, "फाइल आणली का?" लेकराला काय होतंय, हे विचारायची पाळी त्यानंतर कधीतरी येते, आणि तीही आतल्या दारापलीकडे. बाहेरच्या खुर्च्यांवर हा प्रश्न कोणी कोणाला विचारत नाही.

मी खाप्याचा. सावनेर तालुक्यातलं, कन्हान नदीच्या काठचं आमचं गाव. कागदोपत्री नगरपरिषद आहे, पण राहणी अजून खेड्याचीच. एकेकाळी गल्लोगल्ली हातमागाची खटखट ऐकू यायची. माझे वडीलही मागावरच बसायचे. आजूबाजूला संत्र्याचे बगीचे, जवळच मँगनीजची खाण. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत 34 वर्षं मास्तरकी केली. रांगा लावणं आणि हजेरी घेणं यातच जन्म गेला. तेव्हा रांग मोडणाऱ्यांचा मी वकील आहे असं कोणी समजू नये. पण ज्या रांगेला डोळेच नाहीत, तिच्याविषयी मला चार शब्द बोलायचे आहेत, आणि ते गोड बोलणार नाही.

2018 च्या पावसाळ्यातली गोष्ट. माझी नात तेव्हा नऊ महिन्यांची होती. रात्री दोनच्या सुमारास तिला उलट्या-हगवण सुरू झाली. पहाटेपर्यंत सुनेने सात-आठ दुपटी बदलली. मुलगा बुटीबोरीला कंपनीत, त्याची रात्रपाळी. सकाळी सात वाजता गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "गुरुजी, पोरीले नागपूरले घेऊन जा. इथं टाइम घालवू नका. अन् रस्त्यानं थोडं थोडं जलसंजीवनीचं पानी पाजत राहा."

नागपूर म्हणजे पस्तीस-चाळीस किलोमीटर. पण नागपुरात जायच्या आधी नागपुरात नंबर लावावा लागतो. त्या दवाखान्याचा नंबर सकाळी आठला 'उघडायचा'. आठच्या ठोक्याला फोन लावला, एंगेज. पुन्हा लावला, एंगेज. सून पोरीला घेऊन अंगणात उभी, शेजारची वहिनी पिशवी भरते आहे, आणि मी ओसरीत उभा राहून बटणं दाबतो आहे. 8 वाजून 25 मिनिटांनी फोन लागला.

"अडतीस नंबर. साहेब अकराला बसतात. तुम्ही एकपर्यंत या."

"मॅडम, पोरगी फार आजारी आहे. रात्रीपासून पोटात काही ठरत नाही."

"काका, इथे सगळ्यांचीच मुलं आजारी असतात."

हे वाक्य मी आजतागायत विसरलो नाही. ऐकायला किती न्यायाचं वाटतं! सगळ्यांचीच मुलं आजारी, म्हणून सगळी सारखी. एकाला तीन दिवसांची सर्दी, दुसऱ्याला लस टोचायची, तिसऱ्याचं वजन करायचं, आणि चौथी रात्रभर आटत चाललेली. चौघांना चार नंबर दिले की झाला न्याय.

आम्ही एकपर्यंत थांबलो नाही. एसटीनेच निघालो आणि साडेदहाला दवाखान्यात पोचलो. काउंटरवर एक पोरगी बसली होती, बावीस-तेवीस वर्षांची. तिला पुन्हा सांगितलं. तिने वहीत बोट फिरवलं. "अडतीस ना? बसा. अर्जंट करायचं असेल तर डबल फी लागते. पण आजचे अर्जंटचे पाच झाले, आता घेता येणार नाही."

म्हणजे बघा. अर्जंट काय हे रोग ठरवत नाही, आई ठरवत नाही, डॉक्टरही ठरवत नाही. ते पाकीट ठरवतं, आणि पाकिटाचाही कोटा सकाळीच संपलेला असतो.

बसलो. भिंतीवर छान कार्टूनं काढलेली, कोपऱ्यात माशांची काचपेटी. आणि ठळक अक्षरात एक पाटी : 'वेटिंग हॉलमध्ये खाण्यापिण्यास मनाई आहे.' सुनेने पिशवीतून जलसंजीवनीची बाटली काढली होती. ती पाटी वाचली आणि बाटली परत पिशवीत ठेवली. शिकलेली पोरगी ती, नियम पाळणारी. मीही काही बोललो नाही. हे माझं पाप आहे आणि ते मी लिहून ठेवतो. जन्मभर पोरांना नियम पाळायला शिकवलेला मास्तर मी. त्या पाटीसमोर माझी जीभ उचलली नाही.

डॉक्टर पावणेबाराला आले. त्यांच्याआधी आणि त्यांच्यामागे बॅगा घेतलेले औषध कंपन्यांचे प्रतिनिधी आत गेले. मग नंबर सुरू झाले. मधूनच एक गाडी दारात थांबायची, कोणीतरी काउंटरवर हसून मान हलवायचं आणि सरळ आत. साडेबाराला बारावा नंबर चालू होता. पाऊणच्या सुमारास आमची पोरगी रडायची थांबली.

काउंटरवरची पोरगी म्हणाली, "झोपली का? चला, बरं झालं."

आम्हालाही तसंच वाटलं. खोटं कशाला बोलू? रात्रभर रडलेलं लेकरू शांत झालं की घरच्यांना हायसं वाटतं.

शेजारच्या खुर्चीवर पारशिवनीकडची एक बुढी माय बसली होती, नातवाला खोकला म्हणून घेऊन आलेली. ती बराच वेळ आमच्याकडे बघत होती. उठली, काही न विचारता पोरीचं झबलं वर केलं आणि पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती कातडी तशीच उभी राहिली. घडी पडलेल्या कापडासारखी.

"अवं बाई, पोरगी झोपली नाई वं! सुकून गेली थे! पाह्य, डोये पाह्य कसे आत गेले. कोनी बलावा ना वं डाक्टरले!"

अन् ती बलावण्याची वाट न पाहता स्वतःच आतलं दार ढकलून आत घुसली. कंपाउंडर धावला, काउंटरवरची पोरगी ओरडली, "आजी, नंबर!" बुढी मायने मागे वळूनही पाहिलं नाही.

पुढचं सगळं दहा मिनिटांत झालं. डॉक्टर स्वतः बाहेर आले, पोरीला हातात घेतलं, आत नेलं. शीर सापडेना. तिसऱ्यांदा सापडली. सलाईन सुरू झालं. संध्याकाळी तिने डोळे नीट उघडले. तीन दिवस ठेवून घेतली. आज ती दुसरीत आहे आणि घर डोक्यावर घेते.

पण त्या दुपारचं एक बोलणं राहिलं. सलाईन लागल्यावर डॉक्टर माझ्याकडे वळून रागावले. "एवढा उशीर करतात का? आणखी तासभर गेला असता तर हाताबाहेर होतं. इतका वेळ कुठे होता तुम्ही?"

मी म्हणालो, "इथंच होतो साहेब. तुमच्या दाराबाहेर. साडेदहापासून."

ते काही बोलले नाहीत. काय बोलणार? माणूस वाईट नव्हता. हात हुशार होता, पैशासाठी अडवणूक केली नाही, रात्री दोनदा येऊन पाहून गेले. म्हणूनच मी त्यांचं नाव लिहीत नाही आणि विचारलं तरी सांगणार नाही. डॉक्टर चांगला, औषध चांगलं, दवाखाना चांगला, आणि तरी एक लेकरू दारापासून पंधरा फुटांवर, भर दिवसा, पन्नास माणसांदेखत जवळजवळ गेलं होतं. दोष एका माणसाचा असता तर भांडून मोकळा झालो असतो. दोष त्या नंबरात आहे आणि तोच नंबर आज नागपुरात, सावनेरात, काटोलात, जिथे जाल तिथे आहे.

हा नंबर कोणाला मिळतो ते पाहा. ज्याच्या घरी दोन मोबाइल आहेत, ज्याला आठच्या ठोक्याला फोन करायला फुरसत आहे, ज्याला ॲपवर बोट फिरवता येतं, त्याला पहिले दहा. मजुरीला सहालाच निघून गेलेल्या बाईला चाळिसावा. मग शहरातला माणूस 'आता कितवा चालू आहे?' असं घरून विचारतो आणि वेळेवर स्कूटरवर येतो. आमचा माणूस एसटीने येतो. गाडी अर्धा तास उशिरा आली आणि नंबर पुकारून झाला, की तो शेवटी जातो. शेवटचा नंबर लागेपर्यंत परतीची गाडी सुटते. त्यापायी कितीतरी आया दुपारी दोनला लेकरू तसंच घेऊन परत फिरतात आणि मेडिकलच्या दुकानातून जुन्या चिठ्ठीवर औषध घेतात. काउंटरच्या वहीत त्यांच्या नावापुढे 'आले नाहीत' एवढीच नोंद राहते.

बसण्याची तऱ्हाही तीच. लस टोचायला आणलेलं दीड महिन्याचं निरोगी बाळ, आणि त्याच्या शेजारी अंगावर पुरळ उठलेलं, तापाने फणफणलेलं पोरगं. दोघांच्या खुर्च्यांत एक वीतभर अंतर. गोवर कसा पसरतो हे ज्यांनी पाठ करून परीक्षा दिली, त्यांच्याच दवाखान्यात ही व्यवस्था. लसीसाठी वेगळी वेळ ठेवायला काय खर्च लागतो? काही डॉक्टर ठेवतातही. म्हणजे जमतं.

आणि एवढं बसून आत गेल्यावर मिळतात ती दोन-तीन मिनिटं. साध्या सर्दीला औषध लागत नाही, आठवड्यात आपोआप बरं होतं, दूध चालू ठेवा, श्वास जोरात चालला तर लगेच आणा, हे समजावून सांगायला पाच मिनिटं लागतात. बाटली लिहायला अर्धं मिनिट लागतं. बाहेर पन्नास नंबर बसलेले असले की हात बाटलीकडेच जातो. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासिया भागात काय झालं, ते आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. सर्दी-खोकल्याची साधी लेकरं. 'कोल्ड्रिफ' नावाचं सिरप दिलं, त्यात डायइथिलिन ग्लायकॉल हे विष निघालं. मूत्रपिंडं निकामी झाली आणि वीसहून जास्त लेकरं गेली. त्यातली कितीतरी उपचाराला नागपूरलाच आणली होती. छिंदवाड्याहून नागपूरला येणारा रस्ता आमच्या सावनेरवरूनच जातो. विष कारखान्यातलं होतं, ते पाप बनवणाऱ्याचं आणि तपासणी न करणाऱ्याचं. पण मला एक सांगा, त्यातल्या किती लेकरांना मुळात सिरपची गरज होती? त्या घटनेनंतर केंद्राच्या आरोग्य खात्याला पुन्हा बजावून सांगावं लागलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं देऊच नका आणि पाचाखालच्यांनाही सहसा देऊ नका. घाईने लिहिलेली चिठ्ठी कुठवर जाऊ शकते, ते तेव्हा दिसलं.

आता कोणी म्हणेल, गुरुजींना जुने दिवस आठवत असतील. आठवतात. माझ्या लहानपणी गावात एक डॉक्टर होते. लाकडी बाक, काचेच्या बाटलीत लाल औषध, बाटलीला कातरलेल्या कागदाची पट्टी चिकटवलेली, एक खूण म्हणजे एक मात्रा. नंबर नव्हता. त्यांचा कंपाउंडर दर थोड्या वेळाने बाहेर येऊन बाकावरून नजर फिरवायचा आणि बोट दाखवून म्हणायचा, "तू ये वं आधी." बाकी कोणी हूं की चूं करत नसे. चक्कीवर आजही तेच चालतं. डबे रांगेत असतात, पण कोणी म्हणालं, "घरी पाव्हणे बसले आहेत गा," की त्याचा डबा पुढे सरकतो. दळणाच्या रांगेला जेवढी अक्कल आहे तेवढी दवाखान्याच्या रांगेला नसावी?

पण जुन्याचं गाणं मी गाणार नाही. त्या लाल औषधाच्या काळात माझ्या आईची दोन लेकरं गेली. एक गोवराने, एक हगवणीने. त्या काळी प्रत्येक घरात एखादं तरी गेलेलं असायचंच, आणि आया मोजताना ती लेकरंही मोजायच्या. "मले सात झाले, पाच राह्यले," असं. आजच्या लशी, आजचे डॉक्टर, आजची सलाईनं नसती तर माझी नात वाचली नसती. मला नवा दवाखानाच हवा आहे. त्याच्या दाराशी त्या जुन्या कंपाउंडरची नजर हवी आहे, एवढंच मागणं.

आणि ही नजर ही काही देवाची देणगी नाही. ती शिकवता येते. दोन महिने ते पाच वर्षांच्या लेकरांसाठी धोक्याच्या चार खुणा जगभर शिकवल्या जातात, आपल्याकडेही आशाताई आणि नर्सबाईंना शिकवतात. एक, लेकरू पाणी किंवा अंगावर पीत नाही. दोन, पोटात गेलेलं सगळं उलटून पडतं. तीन, झटके आले. चार, लेकरू मलूल पडलं आहे, हाक मारली तर बघत नाही. यातलं एकही असेल तर नंबर गेला खड्ड्यात, लेकरू आधी आत. शिवाय श्वास मोजायचा, लेकरू शांत असताना, पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांखालच्या बाळाचा मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त, वर्षाच्या आतल्याचा 50 किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचा 40 किंवा जास्त असेल तर तो जोराचा श्वास. दोन महिन्यांखालचं बाळ तर नुसतं दूध पिईना किंवा अंग तापलं तरी थांबवू नये. एवढं एका पानावर मावतं. माझ्या चौथीच्या पोरांनी आठवड्यात पाठ केलं असतं.

आमच्याच विदर्भात, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी हे करून दाखवून साडेतीन दशकं होत आली. फार न शिकलेल्या गावच्या माणसांना त्यांनी लेकराचा न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी मण्यांचं साधन केलं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, मिनिट संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया समजायचा. 1990 मध्ये त्या कामाचा अहवाल 'लॅन्सेट' या जगातल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, आणि त्या गावांत बालमृत्यू कमी झाल्याचं जगाने वाचलं. गडचिरोलीच्या जंगलातली आकडे न येणारी बाई जे ओळखू शकते, ते नागपुरातली बी.कॉम. झालेली काउंटरवरची पोरगी ओळखू शकत नाही का? शकते. तिला कोणी शिकवलंच नाही. तिला शिकवली वही, फी आणि "बसा". तिच्यावर माझा राग नाही. दुसऱ्या दिवशी ती आमच्या खाटेजवळ येऊन उभी राहिली, पोरीकडे बघितलं आणि डोळे पुसत निघून गेली. तिला त्या खुर्चीत बसवणाऱ्यांनी तिच्यावरही अन्यायच केला.

परदेशातला एक दाखला सांगतो, तोही श्रीमंत देशाचा नाही. आफ्रिकेतल्या मलावी देशात ब्लँटायर शहरी एक मोठं सरकारी रुग्णालय आहे. गर्दी आपल्या मेडिकलसारखी, पैसा त्याहून कमी. तिथे लेकरं रांगेतच दगावत होती. त्यांनी बाह्यरुग्ण विभागाची मांडणी बदलली, आल्याबरोबर प्रत्येक लेकराकडे बघायचं ठरवलं आणि कर्मचाऱ्यांना तसं शिकवलं. अत्यवस्थ असेल तर ताबडतोब, गंभीर असेल तर पुढे, बाकीचे रांगेत. आधी भरती झालेल्या शंभरातली 10 ते 18 लेकरं जात होती, नंतर 6 ते 8 जाऊ लागली. जागतिक आरोग्य संघटनेने या पद्धतीचं पुस्तकच काढलं आहे. त्यात स्पष्ट लिहिलं आहे, की दारावरचा रखवालदार, केसपेपर लिहिणारा कारकून, झाडूवाला, यांनाही ओळखायला शिकवा, कारण लेकराला पहिल्यांदा तेच बघतात.

डॉक्टरांची बाजू मला ठाऊक आहे, माझे दोन विद्यार्थी डॉक्टर आहेत. ते म्हणतात, "गुरुजी, विचारायला लागलो तर सगळेच म्हणतील आमचं अर्जंट." म्हणू देत. म्हणूनच तर विचारायचं चार खुणांचं, आईच्या घाबरण्याचं नाही. खुणा खोट्या सांगून भागत नाही, लेकरू समोर असतं. ते म्हणतात, "रांग मोडली की लोक भांडतात." भांडतात, कारण रांग कोणासाठी मोडली हे त्यांना दिसतं. ओळखीच्यासाठी मोडली तर भांडतात. त्या दिवशी बुढी मायने रांग मोडली तेव्हा पन्नासातलं एक माणूस चकार शब्द बोललं नाही. ते म्हणतात, "दिवसाला शंभर पेशंट, आम्हीही माणसंच." हे खरं आहे. डॉक्टरांवर हात उचलणारे, काचा फोडणारे लोकही आपल्यातलेच आहेत, त्यासाठी महाराष्ट्राला 2010 मध्ये कायदा करावा लागला, ही आपल्याला शरम आहे. पण शंभरातले पाच आधी बघितले तर शंभराचे एकशेपाच होत नाहीत. शंभरच राहतात, फक्त क्रम बदलतो.

आमचेही दोष आहेत आणि ते झाकून बोललो तर हे लिहिणं लबाडीचं होईल. आम्ही उशीर करतो. आधी नजर उतरवतो, मग दुकानातली पुडी, मग सुई टोचणारा कोणीतरी, आणि चौथ्या दिवशी डॉक्टर. सुई नाही टोचली तर 'डाक्टर काही कामाचा नाही' म्हणतो. गावात सरकारी आरोग्य केंद्र असून त्याचं दार चढायला आम्हाला कमीपणा वाटतो. त्या दिवशी मी नात थेट मेडिकलला नेली असती, तर दारावरच एखाद्या शिकाऊ डॉक्टरने तिला उचलून नेलं असतं, असं मला आता वाटतं. पण मला 'चांगल्या' दवाखान्याची हौस होती. आणि पाजायचं पाणी पिशवीत ठेवलं, हे तर वर सांगितलंच. 1971 मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून हजारो कॉलराग्रस्तांना जगवलं. मृत्यूचं प्रमाण शंभरात तिसांच्या आसपास होतं, ते चाराच्या आत आलं. त्या छावणीत आयाच वाटीने पाणी पाजत होत्या. आणि पन्नास वर्षांनी आम्ही माशांच्या काचपेटीसमोर बसून 'खाण्यापिण्यास मनाई' वाचत होतो. त्या पेटीच्या जागी पाण्याचा माठ, जलसंजीवनीची पाकिटं आणि वाटी-चमचा ठेवला असता तर वर्षाचा खर्च माशांच्या खाद्याहून कमी आला असता.

कायद्याचं म्हणाल तर तोही आहे. 1989 मध्ये परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की डॉक्टर सरकारी असो की खासगी, जीव वाचवण्यासाठी धावणं हे त्याचं कर्तव्य आहे, बाकीचे सोपस्कार नंतर. 2021 मध्ये राज्याने नियम केले, त्यानुसार खाटा असलेल्या खासगी दवाखान्यांनी रुग्णांच्या हक्कांची सनद भिंतीवर लावायची आहे. लावतातही, बहुधा काचपेटीच्या मागे. पण मला कोर्टात जायचं नाही. माझं मागणं एका पानाचं आहे. फोनवर आणि काउंटरवर पहिला प्रश्न 'लेकराला काय होतंय?' हा असू द्या. चार खुणा काउंटरवर चिकटवा, आणि तशाच मोठ्या अक्षरांत आयांसमोरही लावा. दर अर्ध्या तासाने कोणीतरी खुर्च्यांवरून नजर फिरवा. लसीच्या बाळांची वेळ वेगळी करा. बाहेरगावच्यांसाठी एसटीच्या वेळा बघून काही नंबर राखा. आणि अर्जंटची डबल फी बंद करा. अर्जंट ही विकायची वस्तू नाही.

आणि आयांनो, तुम्हालाही सांगतो. रडणाऱ्या लेकरापेक्षा रडायचं थांबलेल्या लेकराला जास्त भ्या. नंबर कितवाही असो, त्या चार खुणांतली एक जरी दिसली तर उठा आणि दार ढकला. पाटी काय लिहिली आहे ते वाचू नका.

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या घरचं दोन महिन्यांचं पोरगं घेऊन आम्ही सावनेरला गेलो होतो. काउंटरवर एक पोरगा होता. त्याने वर न बघताच विचारलं, "नंबर लावला का?"

मी म्हणालो, "नाही. पोरगं रात्रीपासून दूध पीत नाही, अन् श्वास मोजला, मिनिटाला बासष्ट आहे."

"आधी नंबर घ्या काका, मग..." म्हणता म्हणता तो थांबला. बहुधा आकडा ऐकून थांबला असावा. त्याने पोराच्या छातीकडे पाहिलं, खुर्ची मागे सरकवली आणि आत गेला. मिनिटाभरात दार उघडून म्हणाला, "या, आधी या."

बाकावर बारा-तेरा माणसं होती. सगळ्यांनी पाय आवरून वाट दिली.